तीन इंचांचा शार्क

गेल्या शनिवारी सकाळी आईचा फोन आला. हल्ली तिचे विषय दोनच. एक माझं लग्न आणि दुसरा गोट्या.

गोट्या म्हणजे माझा मासा. लांबी दोन फूट दोन इंच (टाकीला बाहेरून टेप लावून मोजलेली, तेव्हा अर्धा इंच इकडेतिकडे), रंग गुलाबीसर पांढरा, मिशांच्या चार जोड्या, स्वभाव खादाड. ह्या महिन्याच्या शेवटी मी वाकडचा फ्लॅट सोडतोय. आईचं म्हणणं असं की वाईला येतोच आहेस तर त्यालाही घेऊन ये आणि घाटावरून कृष्णेत सोडून दे. मुका जीव मोकळा होईल, तुलाही पुण्य लागेल.

मी नाही म्हटलं. "एवढा निर्दयी कधीपासून झालास रे तू?" असं म्हणून तिने फोन ठेवला. तेव्हापासून अबोला आहे.

बरं, हे फक्त आईचं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण सोसायटीचा वॉचमन हेच म्हणाला, टीममधला सिनिअर हेच म्हणाला, रूममेट तर वर्षभर हेच म्हणतोय. 'सोड ना नदीत!' जणू नदी म्हणजे आपल्या नकोशा वस्तूंचा माळा. म्हणून आज हे सगळं एकदाचं लिहून काढतो. आईला प्रिंट काढून पाठवीन.

आधी माझी चूक सांगतो. अडीच वर्षांपूर्वी चार फुटी टाकी घेतली. चार बाय दीड बाय दीड, म्हणजे नऊ घनफूट, साधारण २५५ लिटर. निऑन टेट्रा, दोन एंजल, थोडे प्लॅटी, असा साधासुधा संसार होता. एका रविवारी दुकानात छोट्या टाकीत पांढरे, मिशाळ, सतत वळवळणारे मासे दिसले. तीन-तीन इंचांचे. मी विचारलं हे काय? "अल्बिनो शार्क साहेब. एकदम हार्डी. मरतच नाही." शार्क! आता नोकरीला लागून दीड-दोन वर्षं झालेल्या, हातात पहिल्यांदा पैसे खुळखुळणाऱ्या पोराला आणखी काय सांगायला हवं? जोडी घेतली. किती मोठा होतो हे मी विचारलं होतं, हे मात्र शपथेवर सांगतो. उत्तर मिळालं, "टाकीच्या मापाने वाढतो."

सहा आठवड्यांत टेट्रा संपले. मला वाटलं मरतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. मग प्लॅटी गेले. मग एके दिवशी जोडीतला धाकटा शार्कही गेला आणि थोरला पोट फुगवून कोपऱ्यात पडलेला दिसला. तेव्हा ट्यूब पेटली. त्या रात्री बसून शोधलं. पाठीवरचा पर डोक्यामागून निघून जवळजवळ शेपटीपर्यंत एकसलग, अंगावर खवले नाहीत, चपटं डोकं, आठ मिशा. शार्क वगैरे काही नाही. हा क्लॅरिअस गॅरिएपिनस, आफ्रिकन कॅटफिश. आपल्याकडे मासळीबाजारात ज्याला मांगूर किंवा थाई मागूर म्हणतात तोच, फक्त गोरा.

म्हणजे मी चक्क मांगूर पाळला होता.

ह्या माशाचं मूळ गाव आफ्रिका. नाईलपासून ते पार खाली दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीपर्यंत. तिथे तो दीड मीटरच्या वर जातो, वजन साठ किलोपर्यंत नोंदवलेलं आहे. तिथे तो राजा आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आटणाऱ्या डबक्यांत, गढूळ पाण्यात टिकण्यासाठी निसर्गाने त्याला एक अफलातून गोष्ट दिलीय. कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो आणि त्याने तो सरळ हवेतला ऑक्सिजन घेतो. गोट्या दर थोड्या वेळाने वर येतो, एक घोट हवा गिळतो आणि खाली जातो. रात्री शांततेत तो 'गुळुप' आवाज मला आता घड्याळाच्या टिकटिकीइतका सवयीचा झालाय.

आणि नेमकी हीच गोष्ट त्याच्या मुळावर येते. दुकानदार 'हार्डी' म्हणतो ते खोटं नाही. पण त्याचा अर्थ काय होतो? साध्या माशाच्या टाकीत अमोनिया वाढला की मासा वर येऊन तोंड उघडबंद करतो, मरतो, आपण घाबरून पाणी बदलतो. ह्याला पाण्यातला ऑक्सिजन कमी पडला तरी चालतं, घाण पाणीही तो काढून नेतो, म्हणून मालकाला कळतच नाही. अंगावर चट्टे येतात, मिशा झिजतात, तरी मासा जिवंत. सिस्टिम चालू आहे, एरर लॉगकडे कुणी बघत नाही, असा प्रकार. मी आठवड्यातून दोनदा पंचाहत्तर लिटर पाणी बदलतो. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला टँकरचं पाणी येतं तेव्हा शेजारचे काका माझ्याकडे कसे बघतात ते विचारू नका.

'टाकीच्या मापाने वाढतो' ह्या वाक्यावर तर कायद्याने बंदी यायला हवी. मासा म्हणजे काही कुल्फी नाही, साच्यात ओतली की साच्याएवढी व्हायला. खुरटतो तो घाणीने आणि उपासमारीने, आणि खुरटलेला मासा म्हणजे आजारी मासा. नीट खाऊ-पिऊ घातलं तर तो त्याच्या मापाने वाढतो, टाकी गेली खड्ड्यात. गोट्या आठ महिन्यांत एक फूट झाला. आज त्याची लांबी दोन फूट आणि माझ्या टाकीची रुंदी दीड फूट. हे गणित पाचवीतल्या मुलालाही सुटेल. त्याला वळायचं असेल तर अंगाचं धनुष्य करावं लागतं. रोज ऑफिसातून आलो की तो असा वाकून वळताना दिसतो, आणि मी मुकाट्याने शूज काढतो.

हल्लीच एकदा रात्री अडीच वाजता अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल चालू होता. म्यूट काढून बोलतोय तेवढ्यात हॉलमधून धप्प! झाकणावर ठेवलेल्या दोन विटा बाजूला सारून साहेब बाहेर. मी हेडफोन टाकून धावलो तर हा फरशीवरून अंग वळवळत, छातीच्या परांचे काटे रोवत रोवत बाथरूमच्या दिशेने निघालेला. ओला टॉवेल टाकून उचलला, त्यात एक काटा अंगठ्यात गेला. दोन दिवस सूज होती. क्लायंटला मी सांगितलं की घरात इमर्जन्सी आहे. काय इमर्जन्सी, ते सांगायचं धाडस झालं नाही. आता विटा चार आहेत.

असो. विनोद पुरे. मुद्द्यावर येतो.

ह्या माशाच्या पैदाशीवर आपल्या केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. हा भारतात आला तोच चोरवाटेने, थायलंडमार्गे बांगलादेशात आणि तिथून १९९० च्या दशकात इकडे. का पाळतात? कारण कोंबडीच्या दुकानातली आतडी आणि पिसं टाकली तरी तो महिन्यामहिन्याला वाढतो, आणि घाण पाण्यातही दाटीवाटीने राहतो. २०१८ साली राष्ट्रीय हरित लवादाने राज्यांना बजावलं की बंदी कागदावर ठेवू नका, ही तळी नष्ट करा. त्यानंतर आपल्याकडे इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या बाजूला मत्स्यव्यवसाय खात्याने कारवाई केली, टनावारी मांगूर मारून पुरला. पेपरात तेव्हा फोटो आले होते.

म्हणजे भिगवणचा शेतकरी काळा मांगूर तळ्यात ठेवतो तेव्हा जेसीबी येतो, आणि शहरातला दुकानदार तोच मासा पांढरा करून, निळ्या दिव्याखाली ठेवून, 'शार्क' म्हणून विकतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही. मी शेतकऱ्याची बाजू घेत नाहीये. कारवाई योग्यच होती. पण रंग बदलला की कायदा बदलतो का? एका सरकारी कार्यालयात फोन करून मी हेच विचारलं. पलीकडचे गृहस्थ मनापासून हसले आणि म्हणाले, "एकच आहे ना? खाऊन टाका." २०१७ साली केंद्राने मत्स्यालयाच्या दुकानांसाठी नियम काढले होते, नोंदणी वगैरे. व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि त्याच वर्षी ते मागेही घेतले गेले. त्यातले काही नियम खरंच अतर्क्य होते, पण मूळ गरज त्यांच्याबरोबर वाहून गेली.

आता आईचा प्रश्न. एक मासा सोडला तर काय बिघडतं?

आमचा सिनिअर तर म्हणतो, मुळा-मुठेत तसंही काय उरलंय, गटार तर आहे. अरे बाबा, गटार आहे म्हणूनच तर! जिथे बाकीचे मासे गुदमरून मरतात तिथे हवा गिळणारा हा एकटा तगतो, आणि उरलेसुरले खाऊन टाकतो. शिवाय नदी काही संगमावर संपत नाही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमेवर उजनी आहे, उजनीत शेकडो कुटुंबं जाळी टाकून जगतात. तिथे आधीच काचा साफ करणाऱ्या सकर माशाने त्यांची जाळी फाडून ठेवलीयत. तो सकर उजनीत आभाळातून नाही पडला. तोही आपल्यासारख्यांच्या टाक्यांतलाच, दक्षिण अमेरिकेचा पाहुणा. उजनीच्या खाली तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते आणि शेवटी कृष्णेलाच मिळते. म्हणजे वाकडला सोडा नाहीतर वाईला, सगळं पाणी एकाच घरचं आहे.

आणि 'एक' हा शब्द फसवा आहे. त्या दुकानात दर महिन्याला नवी टाकी भरते. प्रत्येक जण एकच सोडतो, आणि सोडायच्या जागाही आपल्या ठरलेल्या... घराजवळचा तलाव, गावाकडची नदी. ह्याची एक मादी एका खेपेला हजारोंनी अंडी घालते. आपल्या देशी मागूराशी त्याचा संकरही होतो, म्हणजे जो मासा तो खाऊन संपवत नाही त्याची जात बिघडवतो. देशी मागूर बिचारा फूट-दीड फुटाचा, आधीच धोक्यात आलेला. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात, जिथे लोक लांबलांबून पक्षी बघायला जातात, तिथे हा मासा घुसल्यावर वनखात्याला त्याला पकडून पकडून बाहेर काढत बसावं लागलं. खुद्द दक्षिण आफ्रिकेतली गोष्ट ऐका. १९७५ साली ऑरेंज नदीचं पाणी दुसऱ्या खोऱ्यात न्यायला त्यांनी ८२ किलोमीटरचा बोगदा काढला. पाण्याबरोबर हाही पलीकडे गेला आणि तिथल्या नद्यांत उपरा म्हणून माजला. स्वतःच्याच देशात! मग कृष्णेची काय कथा.

आमच्या भाषेत सांगायचं तर नदी म्हणजे प्रॉडक्शन सर्व्हर आहे आणि तिथे रोलबॅक नाही. आम्ही एक ओळ बदलायची असली तरी चार जणांच्या सह्या घेतो. आणि लाखो वर्षं चालू असलेल्या सिस्टिममध्ये मात्र कुणीही पिशवी घेऊन जातो, गाठ सोडतो, हात जोडतो आणि घरी येतो.

कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली खडशी माशाला, म्हणजे आपल्या दख्खनच्या महसीरला, शास्त्रीय नाव दिलं. टॉर खुद्री. त्याला तो मासा कुठे मिळाला माहितीये? पुण्याजवळ, ह्याच मुळा-मुठेत. आज संगमावर उभं राहून हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. तिकडे महाडजवळ वाळण कोंडीत अजून महसीर आहेत, कारण ते वरदायिनी देवीचे मासे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुणी मारत नाही. आई, श्रद्धा असावी तर अशी! त्या लोकांनी माशाला अभय दिलं म्हणजे त्याला त्याच्या पाण्यात राहू दिलं. बाहेरून आणून काही ओतलं नाही. तुमची कृष्णाबाई उत्सवात घाटावर येते तेव्हा तिची ओटी भरता ना? मग त्याच ओटीत हा साठ किलोचा जबडा घालायचा?

मग करायचं काय? मला विचाराल तर अशा माशाच्या मालकापुढे तीनच वाटा आहेत आणि तिन्ही अवघड आहेत. एक, शेवटपर्यंत सांभाळा. दोन, ज्याच्याकडे खरोखर मोठी बंदिस्त जागा आहे त्याला द्या. बंदिस्त म्हणजे बंदिस्त. माझ्या एका मित्राने सासवडचं शेततळं देऊ केलं. मी त्याला विचारलं, पावसाळ्यात भरून वाहतं का? वाहतं म्हणाला. मग ते शेततळं नाही, ती नदीच. आणि तीन, दोन्ही जमत नसेल तर मारा. हो, मारा. पाण्यात लवंगेच्या तेलाचा जास्त डोस दिला की मासा गुंगीत जातो आणि गुंगीतच मरतो. हे वाचून तुम्ही तोंड वाकडं केलं असेल. मीही केलं होतं. बाटली आणून कपाटात ठेवलीय, तीन महिने झाले, सील फोडलेलं नाही. पण तरी सांगतो, त्या बाटलीत जेवढी दया आहे तेवढी घाटावरच्या पिशवीत नाही. पिशवीवाल्याला फक्त मरताना बघावं लागत नाही, एवढाच फरक. मरतात ते दुसरे, पाण्याखाली, आणि त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

मोठे मासे पाळूच नयेत असं माझं म्हणणं नाही. गोट्या हुशार आहे. माझ्या पावलांचा आवाज त्याला ओळखू येतो, रूममेट गेला तर ढिम्म हलत नाही. हातातून कोळंबी घेतो. पण अशा माशाला खोली लागते, टाकी नाही. ज्याच्याकडे खोली आहे त्याने पाळावा, तोही बंदी नसलेला. चार फुटी टाकीवाल्याला तो विकणं ही फसवणूक आहे. विकणाऱ्याने दुकानात मोठ्या अक्षरात लिहावं की हा कोण, किती वाढतो आणि किती वर्षं जगतो. आणि वाढल्यावर परत घ्यावा. हे मी त्याच दुकानात जाऊन बोललो. "साहेब, आम्ही छोटेच घेतो," तो म्हणाला. काउंटरपाशी एक वडील आणि सात-आठ वर्षांचा मुलगा उभे होते, मुलाचं बोट त्याच पांढऱ्या माशांवर. मी मोबाईल काढून गोट्याचा टेप लावलेला फोटो दाखवला. वडील दोन मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, "बाळा, आपण गप्पी घेऊ." दुकानदाराने मला हात जोडून सांगितलं की पुन्हा येऊ नका.

तर आता मी नवा फ्लॅट नाकारून मोशीला तळमजल्यावरचं घर घेतलंय. भाडं तीन हजार जास्त, ऑफिस दीडपट लांब. मागच्या छोट्या अंगणात विटा रचून, आत जाड ताडपत्री घालून आठ बाय चार बाय दोनची टाकी केलीय, अठराशे लिटरची. वर लोखंडी जाळी, तिला कुलूप. घरमालकाला वाटतंय मी कमळं लावणार आहे. गोट्या अजून सात-आठ वर्षं तरी जगेल, म्हणजे मुलीकडच्यांना पहिल्याच भेटीत सांगावं लागणार. आईला हा लेख वाचून काय वाटेल माहीत नाही. कृष्णाबाईचं नाव काढलंय म्हणजे फोन तरी करेल.

हलवायचं येत्या रविवारी सकाळी. झाकणाचा दोनशे लिटरचा ड्रम मिळालाय, टेम्पो ठरलाय. उचलायला चार माणसं लागतील, आत्ता तीन आहेत. तिसरा रूममेट. तो म्हणाला येतो, पण माशाला हात लावणार नाही.